न घडलेल्या अपघातांचं कारण

"मला पान नको आहे. रजिस्टर हवंय. अख्खं."

फोनच्या पलीकडून कंपनीचे वकील काहीतरी समजुतीचं बोलत होते. वकीलबाईंनी फोन वीतभर लांब धरला, छताकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला.

"अहो साहेब, एका पानाची झेरॉक्स पाठवलीत म्हणजे माझ्यावर उपकार नाही केलेत. माणसाचा नुसता कान दाखवायचा आणि म्हणायचं, हाच तो, ओळखा! ... हो, चिडलेच आहे. मी चिडलेली नसते तेव्हा झोपलेली असते. ठेवते."

समोर बसलेली बाई खुदकन हसली. एकोणीस वर्षं तिने धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री केली होती. बोलणं ऐकता ऐकता तिने टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घातली होती. डाव्या हाताने कोपरा धरायचा, उजव्या कोपराने दाबायचं आणि सरकवायचं. कोपराखाली उजवा हात नव्हता. घडी मात्र अशी, की कागदाची कड कागदावर तंतोतंत.

"हसताय काय?" वकीलबाई म्हणाल्या.

"काही नाही ताई. माझ्या वतीने कुणीतरी ओरडतंय, ते ऐकायला बरं वाटतं."

वकीलबाईंचं ऑफिस तळमजल्यावर होतं, टायरच्या दुकानाला लागून. वरच्या मजल्यावर निम्म्या भाड्यात हवेशीर खोली मिळत होती, पण त्यांनी ती घेतली नाही. मोडलेल्या पायांचे लोक जिने चढून न्याय मागायला येणार का, हा त्यांचा सवाल. दाराला गोल मूठ नव्हती, खाली दाबायची लांब कडी होती. पहिल्या वर्षी गोल मूठ होती. तेव्हा एक सुतार दाराबाहेर अर्धा तास उभा राहिला होता. दोन्ही हातांची बोटं गेलेला माणूस. त्याला मूठ फिरवता येईना आणि हाक मारायची लाज वाटली. त्याच संध्याकाळी बाईंनी स्वतः पाना घेऊन ती मूठ उपटली होती. नवीन कडी बसवायला आलेल्या माणसाने दार बघून विचारलं, "चोरी झाली का?" बाई म्हणाल्या, "हो. बोटांची."

अशी ही बाई. बावन्न वर्षांची, आवाज भरदार, चष्मा कायम कपाळावर आणि शोध कायम चष्म्याचा. अठ्ठावीस वर्षं तिने फक्त जखमी माणसांचे खटले चालवले. कोर्टात तिला 'रजिस्टरवाली' म्हणत. प्रत्येक खटल्यात ही बाई कंपनीचं अपघातांचं रजिस्टर मागणार, तेही अख्खं, आणि मिळालं की आधी शेवटची पानं उघडून बघणार, जिथे काहीच लिहिलेलं नसतं. सुरुवातीला वकिलांना वाटे की हा काहीतरी डाव असेल. पुढे वाटू लागलं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला आहे.

"बाई, कोऱ्या पानांत काय शोधता? नशीब?" असं वकिलांच्या बार रूममध्ये कुणी विचारलं की त्या म्हणत, "तुमची अक्कल. सापडली की कळवते."

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या घरात होतं, वय वर्षं चौऱ्याऐंशी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून भिंगाने पेपर वाचत.

बाईंचे बाबा एका लोखंडाच्या कारखान्यात कारकून होते. अपघातांचं रजिस्टर त्यांच्याकडे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते घरी आणायचे, पट्टीने ओळी आखायचे आणि अकरा वर्षांच्या लेकीला बोलवायचे. लेकीचं अक्षर मोत्यासारखं. तारीख, नाव, वेळ, जखम हे रकाने रिकामे ठेवायचे. शेवटचा, कारणाचा रकाना तेवढा तिने भरायचा, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीत तेच: कामगाराचा निष्काळजीपणा. तिला वाटायचं हे शुद्धलेखन आहे. एक पान झालं की बाबा म्हणायचे, "शाब्बास! साहेब म्हणतात, अक्षर कुणाचं हो?" आणि ती फुगायची.

एका महिन्याच्या नऊ तारखेला शेजारच्या घरातल्या मैत्रिणीचे वडील बाबांच्याच कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये हात गमावून बसले. प्रेस आधीच बिघडलेलं होतं. खटका न दाबता खाली यायचं. सगळ्यांना माहीत होतं. पंधरा दिवसांनी मैत्रीण शाळा सोडून मेणबत्त्यांच्या कारखान्यात लागली. जाताना म्हणाली, "बाबांना काही मिळणार नाही. त्यांचाच निष्काळजीपणा होता, असं लिहिलंय म्हणे."

अकरा वर्षांच्या पोरीने मनात दिवस मोजले. एक तारखेला तिने लिहिलं होतं. हात गेला नऊ तारखेला.

मैत्रिणीला तिने ते कधीच सांगितलं नाही. तेव्हापासून तिच्या पोटात जो विस्तव पेटला तो विझलाच नाही. निम्मा बाबांवर, निम्मा स्वतःवर. कायद्याचं शिक्षण, कोर्ट, अशील हे सगळं नंतर आलं आणि त्याच विस्तवावर शिजलं. भाषणाला बोलावलं की लोक विचारत, या क्षेत्राकडे कशा वळलात? बाई म्हणत, सामाजिक भान. घरी येऊन स्वतःलाच म्हणत, खोटारडी.

इस्त्रीवालीचा खटला साधा होता आणि म्हणूनच हरण्यासारखा होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तापलेल्या रोलरखालून जायच्या. रोलरच्या पुढे एक दांडी. हात चुकून पुढे गेला की दांडीला लागायचा आणि रोलर थांबायचा. पण जाड चादर आली तरी ती दांडीला लागायची आणि रोलर थांबायचा. एका पाळीत वीस-पंचवीस वेळा. काम खोळंबायचं. म्हणून दांडी तारेने वर बांधून टाकली होती. अपघातानंतर तपासणीला माणूस येईपर्यंत तार गायब. बरोबरच्या बायका तोंड उघडायला तयार नाहीत, त्यांना तिथेच काम करायचं होतं. पुरावा म्हणाल तर एकीकडे इस्त्रीवालीचा शब्द, दुसरीकडे रजिस्टरातली ओळ.

आणि त्या ओळीवर सगळं अडलं होतं. एका प्रशिक्षण केंद्राला नवीन मुलींना मशीनवर सुरक्षित काम कसं करायचं ते शिकवणारी बाई हवी होती. इस्त्रीवालीने आयुष्यात दुसरं केलं काय होतं! कारखान्यातली प्रत्येक नवी पोर आधी तिच्या हाताखालून जायची. केंद्राने कारखान्याकडे माहिती मागवली, कारखान्याने त्याच पानाची प्रत धाडली. निष्काळजीपणाने स्वतःचा हात घालवलेल्या बाईला सुरक्षितता शिकवायला कोण ठेवणार? केंद्राच्या साहेबांनी सरळ सांगितलं, "नोंद रद्द करून आणा, जागा तुमची."

कंपनीने तडजोडीचा निरोप पाठवला. भरपाई देतो, कोर्टातून खटला काढून घ्या, नोंद आहे तशी राहील.

"त्या ओळीसकट?" इस्त्रीवालीने विचारलं.

"त्या ओळीसकट," वकीलबाई म्हणाल्या. "आणि नीट ऐका. मी भांडखोर आहे, माझं ऐकून तुम्ही भांडू नका. हरलो तर भरपाई नाही, नोकरीही नाही. हात हलवत घरी."

"हात हलवत?" इस्त्रीवालीने उजवं कोपर वर केलं. "तेही अर्धंच."

दोघी हसल्या आणि मग दोघींचाही चेहरा एकदम कठीण झाला.

"एकोणीस वर्षं मी पोरींना ओरडले, हात मागे घ्या, हात मागे घ्या म्हणून," ती म्हणाली. "एकीचं नख मोडू दिलं नाही. आणि मी निष्काळजी? नको त्यांची भरपाई. लढा तुम्ही."

साक्षीच्या दिवशी सकाळी बाई फाइल बांधत होत्या. बाबांनी भिंग खाली ठेवलं.

"आज काय गं?"

"कारकुनाची उलटतपासणी."

"कुठला कारकून?"

"तुमच्यासारखाच एक."

बाबांनी पेपर मिटला. मग म्हणाले, "फार तोडू नकोस त्याला. त्याच्या हातात काय असतं?"

"पेन असतं, बाबा."

"मी लिहिलं नसतं तर दुसऱ्याने लिहिलं असतं."

"मग दुसऱ्याला लिहू द्यायचं होतं! घरी कशाला आणलंत? पोरीच्या हातात कशाला दिलंत?"

"तुझं अक्षर चांगलं होतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाइल टेबलावर आपटावी की खिडकीतून फेकावी, क्षणभर ठरेना. चाळीस वर्षांत हेच उत्तर, याच आवाजात, जणू बक्षीस देतायत. त्यांनी बाबांच्या गोळ्या वाटीत काढल्या, पाण्याचा पेला शेजारी ठेवला, जरा जोरातच.

"नऊ वाजता घ्यायच्या. आणि पेपर वाचत विसरलात तर कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते माहितीये मला."

कोर्टाची खोली लहान होती. पंखा फिरायचा पण वारा फक्त न्यायाधीशांनाच लागायचा. कंपनीने या वेळी रजिस्टर आणलं होतं, कोर्टाचा हुकूम झाल्यावर, तेही ऐन साक्षीच्या सकाळी. एरवी कंपन्या भरून संपलेली जुनी रजिस्टरं आणून देत, शेवटच्या ओळीपर्यंत भरलेली. हे मात्र चालू होतं. अजून वापरातलं. घाईघाईत कपाटातून ओढून आणलेलं दिसत होतं. वकीलबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

साक्षीदार होता सुरक्षा विभागाचा कारकून. तिशीचा, नीटनेटका, खिशाला दोन पेनं.

बाईंनी रजिस्टर मागच्या बाजूने उघडलं.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "नोंदी पुढच्या बाजूला आहेत."

"मला नोंदी नकोत, साहेब. कोरी पानं हवीत."

कंपनीच्या वकिलांनी शेजारच्याकडे बघून डोळा मिचकावला. आली रजिस्टरवाली मूळपदावर.

बाईंनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्यावर त्यांचा हात थांबला. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर ओढला, न शोधता, पहिल्यांदाच. मग आवाज इतका मऊ केला, की ओळखणारे लोक सावध झाले.

"आज तारीख काय हो?"

"चौदा," कारकून म्हणाला.

"आणि हे पान कुठल्या महिन्याचं?"

"पुढच्या."

"पुढच्या महिन्यात तुमच्याकडे किती अपघात झाले?"

"ते... अजून झालेले नाहीत."

"बरोबर. नाव रिकामं. तारीख रिकामी. कुठे लागलं, रिकामं. आता शेवटच्या रकान्यात काय आहे, ते कोर्टाला वाचून दाखवा."

कारकुनाने रजिस्टर घेतलं. वाचलं नाही.

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"कामगाराचा निष्काळजीपणा," तो पुटपुटला.

"मोठ्याने. आणि खालची ओळ?"

"कामगाराचा निष्काळजीपणा."

"त्याखालची?"

"शिक्का आहे, मॅडम. सगळीकडे तोच आहे."

"शिक्का!" बाई न्यायाधीशांकडे वळल्या. "पूर्वी निदान हाताने लिहायचे, साहेब. आता प्रगती झाली."

कंपनीचे वकील उठले. "माझी हरकत आहे. ही निव्वळ कार्यालयीन सोय आहे. त्यावरून काही..."

"बसा," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी रजिस्टर मागवून घेतलं, तीन पानं उलटली, परत पहिल्यावर आले. "हे केव्हा मारता?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"ओळी आखतानाच, साहेब. एकदम मारून टाकतो. वेळ वाचतो."

"आणि चौकशी?"

"चौकशी नंतर होते."

"चौकशीत दुसरं काही कारण निघालं तर?"

कारकुनाने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. "तसं कधी झालं नाही, साहेब."

खोलीत कुणीतरी हसलं. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांचा आवाज आता पुरता सुटला होता.

"पुढच्या महिन्यात तिथे कुणाचा पाय जाईल की डोळा, हे या खोलीत कुणालाच माहीत नाही. ज्याचा जाणार आहे, तो आत्ता पाळीवर उभा आहे, त्यालाही माहीत नाही. पण चूक कोणाची, ते माहीत आहे! शिक्का वाळलासुद्धा! माझ्या अशिलाचा हात रोलरखाली गेला तेव्हा ती निष्काळजी होती की नव्हती, हे बघायला तिथे कुणी आलं नाही. यायची गरजच नव्हती. ती सकाळी घरून डबा घेऊन निघाली तेव्हाच ती निष्काळजी ठरलेली होती."

मग त्या कारकुनाकडे वळल्या. त्याला सोलून काढायचं, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. प्रश्न तयार होते, एकापेक्षा एक धारदार. कारकून कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता, दहाही बोटं पांढरी पडलेली.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माझ्या आधी जे होते त्यांनी."

"त्यांना?"

"माहीत नाही, मॅडम. मी आलो तेव्हा शिक्का ड्रॉवरमध्येच होता."

 राग होता तेवढाच होता, तसूभर कमी झाला नव्हता. पण या माणसाला फाडून तो संपणार नव्हता, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं आणि त्याचाही राग आला.

"झालं माझं," म्हणत त्या खाली बसल्या.

निकाल पाच आठवड्यांनी लागला. भरपाई मंजूर. रजिस्टरातली नोंद अविश्वसनीय, कामगाराचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, सबब ती ओळ रद्द समजावी. बाहेरच्या व्हरांड्यात दोन-तीन वकिलांनी बाईंचं अभिनंदन केलं. एक म्हणाला, "अखेर सापडलं म्हणायचं कोऱ्या पानात!" बाईंनी त्याला फक्त हात दाखवला, गप्प बस अशा अर्थाने. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना घरी जाऊन आडवं पडावंसं वाटत होतं.

इस्त्रीवाली निकालाचा कागद बाकावर पसरून बसली होती. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. वाचून झालं, पुन्हा वरून सुरू केलं.

"चला," वकीलबाई म्हणाल्या. "जिंकलो. उद्या हा कागद केंद्रात नेऊन द्या."

"ताई, आता त्या रकान्यात काय असणार?"

"काही नाही. ओळ रद्द झाली ना."

"म्हणजे रिकामा?"

"रिकामा."

"रिकामा कसा?" तिचा आवाज चढला. व्हरांड्यातली दोन माणसं वळली. "माझी चूक नव्हती, कबूल. मग कोणाची होती? हात काय आपोआप गेला? गावाला गेला?"

"अहो, कोर्टापुढे तेवढाच प्रश्न होता. तुमची चूक होती का? नव्हती. संपलं."

"तुमचं संपलं असेल! मी उद्या पोरींपुढे उभी राहणार. पहिलीच पोर विचारेल, बाई, तुमचा हात कसा गेला? काय सांगू? की कारण कोर्टाने रिकामं सोडलंय? ती दांडी बांधणारा माणूस आजही पाळीवर येतो. बांधायला सांगणारा गाडीतून येतो. आणि परत बांधली नसेल कशावरून?"

वकीलबाईंनी काखेतली फाइल बाकावर ठेवली. आजवर त्या सगळ्यांच्या वतीने चिडल्या होत्या. लोक यायचे, रडायचे, नशिबाला बोल लावायचे, आणि चिडायचं काम बाईंवर सोपवून घरी जायचे. ही बाई मात्र स्वतःच चिडली होती, आणि तिचा राग बाईंच्या रागापेक्षा पुढे निघून गेला होता. बाईंना जेवढं पुरलं होतं, तेवढं तिला पुरत नव्हतं.

"तो वेगळा खटला होईल," बाई सावकाश म्हणाल्या. "फौजदारी. वर्षं जातील. त्या बायकांपैकी कुणी बोललं नाही तर हरू. तुमची नोकरी तर आता..."

"नोकरी मी करतेच. खटला तुम्ही करा. आणि बायकांचं माझ्यावर सोडा. सगळ्या माझ्या हाताखालून गेलेल्या आहेत."

व्हरांड्याच्या टोकाला तक्रारी घ्यायच्या खिडकीतला माणूस जेवणाच्या सुट्टीसाठी फळी ओढायच्या बेतात होता. वकीलबाईंनी फळीखाली फाइल सरकवली.

"बाई, वेळ झाली. दोन वाजता या."

"घड्याळात अजून चार मिनिटं आहेत. नवीन तक्रार. कागद द्या."

त्याने उसासा टाकून कागद दिला, पेन उचललं. "कोणाविरुद्ध?"

 वकीलबाई बाजूला झाल्या आणि इस्त्रीवालीला खिडकीपाशी जागा करून दिली.

"तुम्ही बोला."

इस्त्रीवालीने डावा हात खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला, शेजारी उजवं कोपर. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"पाळीचे मुकादम. त्यांच्या वरचे मॅनेजर. आणि त्यांच्या वर जो कोणी असेल तो. सावकाश लिहा, मी आहे इथे."